परवानगीची भाकर

"मिस्टर आढाव, जरा थांबा. हे काय करताय तुम्ही?"

शशिकांत थांबला. त्याच्या ओंजळीत भाकरीचा चुरा होता आणि पायाशी आठ-दहा चिमण्या. चर्चच्या मागच्या अंगणात जर्दाळूचं एक म्हातारं झाड होतं. कॅलिफोर्नियातल्या या सनीव्हेलमध्ये जिकडेतिकडे बागाच होत्या त्या काळातलं, एकटं मागे राहिलेलं. उपासना झाली, माणसं कॉफीला गेली, की प्रभुभोजनातली उरलेली भाकर त्या झाडाच्या सावलीत चुरायची आणि पाखरांपुढे टाकायची, हा त्याचा दर रविवारचा शिरस्ता. आजही तो तेच करत होता.

मागच्या दारात मिसेस व्हिटकोम उभ्या होत्या. एपिस्कोपल मंडळीतल्या. तिकडच्या वेदीवरचे प्याले, वस्त्रं, मेणबत्त्या यांची सगळी देखभाल चाळीस वर्षं त्यांच्याकडे होती. हातातलं पांढरं फडकं त्यांनी छातीशी घट्ट धरलं होतं.

"पाखरांना घालतोय," शशिकांत म्हणाला. "आमच्याकडे असंच करतात."

"पण आमच्या पुरोहित मदर मेगनी त्यावर प्रार्थना म्हटलीय. ती आता नुसती भाकर नाही राहिली, प्रभूचं शरीर आहे ते. उरली तर आपण खाऊन संपवायची असते. जमिनीवर कण पडू द्यायचा नसतो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. भीती होती. लहान मूल गच्चीच्या कठड्यावर चढलेलं दिसावं आणि आईचा आवाज उतरावा, तसा तो उतरला होता. मग त्या पायऱ्या उतरून आल्या आणि रविवारच्या निळ्या स्कर्टसकट गवतात गुडघ्यांवर बसल्या. पंच्याहत्तरीची बाई. गवताची पाती बाजूला सारत एकेक कण वेचू लागल्या. चिमण्या उडून कुंपणावर बसल्या आणि तिथून बघत राहिल्या.

शशिकांतही खाली बसला. दुसरं काय करणार. सापडेल तो कण मिसेस व्हिटकोम तोंडात घालत होत्या, मातीसकट. शशिकांतनं आपल्याला सापडलेले त्यांच्या तळहातावर ठेवले.

"तुम्ही पण खा ना," त्या म्हणाल्या.

"नको. तुम्हीच घ्या."

का नको म्हणालो, हे त्याचं त्यालाही तेव्हा उमगलं नाही.

दोन चर्चेस एकत्र नांदायला लागल्याचा तो पहिला रविवार होता. एका बाजूला लुथरन मंडळी, माणसं उरलेली सतरा, छत गळकं. दुसऱ्या बाजूला एपिस्कोपल मंडळी, माणसं साठेक, पण त्यांची इमारत भूकंपाच्या कायद्यात न बसणारी. तेव्हा इमारत यांची, पुरोहित त्यांची, असं दोघांच्या सभेत ठरलं. त्या ठरावाच्या बाजूनं लुथरन मंडळीत पहिला हात वर झाला होता तो शशिकांतचा.

आणि त्याच हातातलं काम त्या ठरावानं काढून घेतलं होतं.

*

शशिकांत आढाव मूळचा अहमदनगरकडचा. तिथल्या ख्रिस्ती मंडळीत वाढलेला. आजोबा पाळक, वडील शाळामास्तर. हा मात्र यंत्रांच्या मागे लागला. शहाण्णव साली बायको सुनेत्राला घेऊन सनीव्हेलला आला तो चिप बनवणाऱ्या कारखान्यांना लागणारे व्हॉल्व्ह करणाऱ्या एका कंपनीत. काम कॅलिब्रेशनचं. गॅसचा दाब दाखवणारी गेजं त्याच्या टेबलावर यायची. काटा खरं सांगतो का, हे तो ताडून बघायचा. खरं सांगत असला की गेजवर छोटीशी पट्टी चिकटवायची: तारीख आणि खाली एस. ए. ही अक्षरं. ज्या गेजवर पट्टी नाही त्याच्याकडे सव्वीस वर्षांत त्यानं ढुंकून पाहिलं नाही.

सुनेत्राला गाडी येत नव्हती. म्हणून पायी जाता येईल ते चर्च त्यांनी धरलं, आणि ते निघालं लुथरन. पहिल्याच रविवारी शेजारच्या बाकावरची एक उंच, हाडकुळी बाई उठून आली आणि म्हणाली, "मी इंगा. माझ्या नवऱ्याच्या बागेतली जर्दाळू आहेत गाडीत, न्या. आणि तुला गाडी शिकायचीय का गं?" पुढच्या तीन महिन्यांत इंगाच्या जुन्या गाडीचं पुढचं एक दार सुनेत्रानं दोनदा चेपवलं. तिथून त्या दोघी मैत्रिणी.

मग बारा वर्षांपूर्वी म्हातारे पाळक निवृत्त झाले. दुसरा पाळक मिळेना. एवढ्याशा मंडळीला कोण येणार. बिशपनं विचारलं, तुमच्यातला कुणी आहे का, विश्वासाचा, वाचणारा? सगळ्यांनी शशिकांतकडे पाहिलं. लुथरन रीतीत अशी सोय आहे: पाळक नसेल तिथे बिशप एखाद्या साध्या सभासदाला परवानगीचं पत्र देतो. एक वर्षापुरतं, त्या एका चर्चपुरतं. त्या पत्रावर त्यानं उपदेश करायचा, मेजापाशी उभं राहायचं, 'हे माझं शरीर आहे' ही भोजनाच्या स्थापनेची वचनं म्हणायची, भाकर मोडायची. दरवर्षी जूनमध्ये पत्र नवं व्हायचं. शशिकांत ते कपाटात ठेवायचा, इतर सर्टिफिकिटांच्या फाइलमध्ये.

भाकर सुनेत्रा करायची. गव्हाचं पीठ, जाड लाटलेली, तव्यावर शेकलेली, चपाती आणि भाकरी यांच्या मधली काहीतरी. आधी अमेरिकन म्हाताऱ्यांनी ती नुसती उलटसुलट करून पाहिली. पुढे दुकानातला पाव दिसला की तेच विचारायला लागले, आज सुनेत्राला बरं नाही का? उरलेली पाखरांना घालायची चाल तिचीच. घालताना तिच्या तोंडात तिच्या आजीची जात्यावरची ओवी असायची:

भाकर मोडिते गं बाई, घास माझ्या लेकराला
हातामंदी उरला चूर, अंगणीच्या पाखराला

सात वर्षांपूर्वी स्वादुपिंडाच्या आजारानं ती गेली. शेवटच्या आठवड्यात घरीच होती, खिडकीजवळ. शशिकांतनं स्वतः पीठ मळलं, स्वतः लाटली, करपवली. पलंगाशेजारच्या स्टुलावर रुमाल पसरून वचनं म्हटली, मराठीतून, आणि तिच्या तोंडात तुकडा ठेवला. इंगा पायथ्याशी उभी होती, तिलाही दिला. सुनेत्रानं बराच वेळ चघळला. मग म्हणाली, "मीठ विसरलात."

"प्रभूच्या भाकरीत मीठ कोण घालतं?"

"मी घालते. बारीक चिमूट. तुम्हाला कधी कळलंच नाही." आणि हसली. तिचं त्यानंतर काही खाणं झालं नाही.

*

चिमण्यांच्या प्रसंगानंतर मेगनं त्याला ऑफिसात बोलावलं. रेव्हरंड मार्गारेट, तिची माणसं तिला मदर मेग म्हणत. वय पन्नाशीचं, केस कापलेले, पायात चालायचे बूट. आधी तिनंच माफी मागितली.

"चूक माझी आहे, शशी. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. डोरोथी व्हिटकोमला दोन रात्री झोप नाही."

"मला पण नाही," शशिकांत म्हणाला. "एक विचारू? मला नीट समजावून सांगाल? मी टेक्निशियन माणूस आहे. का, ते कळलं की मला बरं वाटतं."

मेगनं खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढून घेतली.

"तुमच्याकडे पाळक म्हणजे एक नेमणूक. वचन सांगायला, भाकर मोडायला कुणी हवं, म्हणून मंडळी एकाला नेमते. नीट व्यवस्था राहावी म्हणून. पाळक मिळाला नाही, तर तेवढ्यापुरता दुसरा. आमच्याकडे हातावर हात आहे. बिशपनं माझ्या डोक्यावर हात ठेवले, त्यांच्या डोक्यावर त्यांच्या आधीच्यांनी, असं मागे मागे, थेट पहिल्या शिष्यांपर्यंत. तो हात पडल्याशिवाय भाकरीवरची प्रार्थना कुणी म्हणायची नाही."

"साखळी."

"हो. साखळी."

"पण पंचवीस वर्षांपूर्वी आपला करार झाला ना? दोघांचं भोजन एक, असा?"

"झाला. तुमचे दीक्षित पाळक आम्हाला मान्य. पुन्हा डोक्यावर हात ठेवून घ्या, असंही म्हटलं नाही आम्ही त्यांना. इथे आज तुमचा पाळक असता तर मी त्याच्या हातचं डोळे मिटून घेतलं असतं. पण परवानगीचं पत्र..." ती थांबली. "ते आमच्याकडे चालत नाही. एकत्र मंडळीत तर नाहीच. तुम्हाला अजून दीक्षा घेता येईल."

"सहासष्टाव्या वर्षी? तीन वर्षं शिकून?"



शशिकांतला राग आला नाही. हीच तर त्याची पंचाईत होती. त्याला ते कळत होतं. त्याच्या टेबलावरचं गेज ज्या मोठ्या गेजशी ताडायचं, ते आणखी एका प्रयोगशाळेतल्याशी ताडलेलं असायचं, ते त्याहून वरच्याशी, असं चढत चढत देशाच्या मुख्य मापापर्यंत. मधला एक दुवा तुटला की खालचं सगळं लटकलं. बिनपट्टीचं गेज अचूक दाब दाखवत नाही असं थोडंच. पुष्कळदा दाखवतं. पण माणसाचा जीव त्याच्यावर टाकता येत नाही.

"आमच्या कामात एक नियम होता," तो सावकाश म्हणाला. "एखादं गेज बाद झालं, की नुसतं उचलून फेकायचं नाही. मागे जायचं. गेल्या खऱ्या तपासणीपासून त्याच्यावर काय काय मोजलं, ते सगळं काढायचं. ती सगळी मापं संशयात."

मेगला कळलं तो कुठे निघालाय ते. तिनं हात मांडीवर घट्ट धरले.

"माझी बायको सुनेत्रा," शशिकांत म्हणाला. "तिचं शेवटचं भोजन माझ्या हातचं. तिला काय मिळालं?"

बाहेर पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी मागे येताना पिंपिं करत राहिली. मेगनं खिडकी लावून घेतली.

"माझे एक काका होते," ती म्हणाली. "मला खांद्यावर बसवून फिरवायचे. माझ्या डोक्यावर बिशपचे हात पडले, सगळं रीतसर. पण बाईच्या हातानं काही होत नाही, असं त्यांचं मत. मरेपर्यंत माझ्या हातचं घेतलं नाही. तेव्हा ते दुखणं मला माहीत आहे, शशी. देव कंजूष नाही, एवढं मी मनापासून मानते. पण झालं होतं, नक्की झालं होतं, असं माझ्या चर्चच्या वतीनं मी सांगू शकत नाही. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही."

खोटं बोलली असती तर संध्याकाळपर्यंत तरी त्याला बरं वाटलं असतं. पण त्यानंही कधी न तपासलेल्या गेजवर पट्टी लावली नव्हती. तो उठला, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "थँक यू, पाळकीणबाई." तो शब्द तिला कळला नाही. नगरकडे तो पाळकाच्या बायकोला वापरतात. त्याच्या तोंडात आला खरा.

*

पुढच्या रविवारपासून शशिकांत शेवटच्या बाकावर बसायला लागला. गाणी म्हणायचा, प्रार्थना म्हणायचा, आणि माणसं भोजनासाठी पुढे निघाली की गुडघे बाजूला वळवून इतरांना वाट द्यायचा. स्वतः उठायचा नाही. आता तिकडे पातळ गोल पापड्या असायच्या, नाण्याएवढ्या. मिसेस व्हिटकोम परत येताना दरवेळी त्याच्याकडे बघायच्या आणि नजर खाली घालायच्या.

मेगच्या हातचं तो नाकारत होता असं नाही. पण तिथे जाऊन ओंजळ पुढे केली, खऱ्या हातचं हे खरं, असं म्हटलं, की त्या करपलेल्या तुकड्याचं काय, याचा निकाल त्यानं आपणच दिल्यासारखं झालं असतं. सुनेत्राला संशयात ठेवून आपण एकट्यानं पंगतीत बसायचं, हे त्याला जमेना.

रुचा जॉर्जियातल्या अल्फारेटाहून शनिवारी फोन करायची. त्यांची एकुलती एक मुलगी. नवरा, नोकरी, दोन पोरं. तिला इंगाकडून कळलं होतं.

"पप्पा, तुम्ही कम्युनियन घेत नाही म्हणे. व्हाय?"

"असंच."

"असंच काय? त्यांनी रिप्लेस केलं म्हणून? इगो इशू आहे का?"

"नाही गं."

"मग? मला खरंच कळत नाही. इट्स अ टेक्निकॅलिटी, पप्पा. कोण म्हणतं, कोण नाही म्हणत, त्यानं काय फरक पडतो यार."

"माझं सगळं आयुष्य टेक्निकॅलिटीतच गेलं, बाळा."

ती हसली. मग त्यानं विचारलं, "तुझी मम्मी गेली तेव्हा मी तिला जे दिलं..." आणि पुढचं वाक्य त्याच्याकडून पुरं होईना. तिकडून मागे पोरांचा दंगा ऐकू येत होता. "हॅलो? पप्पा, यू देअर?" तो आहे म्हणाला. हवेविषयी बोलला. फोन ठेवला.

त्या आठवड्यात त्याला आजोबा फार आठवले. सत्तर साली तिकडच्या निरनिराळ्या मंडळ्या एक झाल्या, तेव्हा शशिकांत दहा वर्षांचा होता. आजोबा एकोणतीस वर्षं खेडोपाडी पाळक होते, सायकलवरून हिंडणारे, आणि त्यांच्या मंडळीत तोवर बिशप म्हणून कुणी नव्हताच. एकीकरणाच्या सोहळ्यात सगळ्यांनी सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवले. रीत म्हणून. नवं काही द्यायचं म्हणून नव्हे, असं सांगूनसवरून. आजोबा नगरहून परत आले, पाय धुतले आणि ताटावर बसून राहिले. कोरड्यास गार झालं.

"आज माझ्या डोक्यावर हात ठेवले," ते आजीला म्हणाले. "मग एकोणतीस वर्षं मी कोण होतो?"

आजीनं भाकर मोडून त्यांच्या ताटात टाकली. "जेवा आधी," म्हणाली.

ते जेवले का, हे मात्र शशिकांतला काही केल्या आठवेना.

*

नवव्या आठवड्यात मेगचा फोन आला. इंगा नर्सिंग होममध्ये होती. एक्क्याण्णव वर्षांची, कमरेचं हाड मोडलेलं, आता छातीत पाणी. "मी दोनदा जाऊन आले. गोड बोलते, हवापाणी विचारते आणि भोजन नको म्हणते. तुम्हालाच पाठवा, म्हणते. तुम्ही न्याल का? आशीर्वाद दिलेलं मी डबीत देते. आजाऱ्याकडे ते घेऊन जायला आमच्याकडे कुणाही सभासदाला परवानगी मिळते. तुमचं नाव मी घातलंय." थोडं थांबून म्हणाली, "फक्त न्यायचं आणि द्यायचं, शशी. वचनं नाही म्हणायची."

"कळलं," तो म्हणाला.

इंगाची खोली दुपारच्या उन्हानं भरली होती. तिच्या नाकात नळी होती आणि हाडं पांघरुणातून दिसत होती. सुनेत्रानं तिच्यासाठी विणलेली हिरवी शाल तिनं पायांवर घेतली होती.

"आलास. बस. म्हातारा दिसायला लागलास तू."

"तू नाही दिसत."

"खोटारडा." तिची नजर त्याच्या हाताकडे गेली. "हे काय आणलंयस? कानातली?"

त्यानं चांदीची छोटी डबी टेबलावर ठेवली. उघडली. आत पांढऱ्या रुमालावर एक पातळ पापडी होती. "मेगनं दिलंय. तिनं म्हटलंय वचनं, रविवारी."

"म्हणजे पार्सल."

"इंगा."

"पार्सलच की. बारा वर्षं तू माझ्यासमोर उभा राहून म्हणायचास. माझा नवरा निल्स गेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीला तू म्हटलंस, तुझा तो ळ-ळ करणारा उच्चार, तरी सगळं कळायचं. तो ब्रेड आहे बघ ट्रेवर, सकाळचा टोस्ट. घे आणि म्हण."

"मला परवानगी नाही."

"कुणाची? देवाची की मेगची?"

"मला नाही सांगता येणार ते."

तिनं डोळे मिटून श्वास गोळा केला. एकेक वाक्य आता तिला चढणीसारखं होतं.

"मी मरतेय, शशी. कुणी बघत नाहीये. म्हण."

शशिकांतनं टोस्टकडे पाहिलं. कडा वाळून वर आलेल्या. सगळे शब्द त्याच्या जिभेवर होते, मराठीतले आणि इंग्रजीतलेही, एकामागून एक, दार उघडायची वाट बघत असलेले. कुणी बघत नाही हे खरं होतं. त्याच्या टेबलाशीही सव्वीस वर्षं कुणी बघत नव्हतं. हातावर हात ठेवून तो बसून राहिला.

"नाही म्हणता येत," तो म्हणाला. "मी स्वतः हात वर केला होता त्या ठरावाला. शब्द दिलाय."

"मग इतकी वर्षं मी काय खाल्लं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही," इंगा म्हणाली, त्याच्यासारखीच, हळू. ती त्याच्याकडे बघत राहिली. जर्दाळूच्या झाडांवरची कीड बघून बघून त्या डोळ्यांना बारीक बघायची सवय झालेली होती. "म्हणून तू जात नाहीस पुढे. मेग म्हणाली मला. आठ रविवार. सुनेत्रामुळे ना?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. 

"तिला मिळालं की नाही, या हिशेबात अडकलायस."

"हो."

 ऑक्सिजनचं यंत्र तिच्या वतीनं श्वास टाकत होतं. शशिकांतला वाटलं, आता ती म्हणेल मिळालं. सगळे दयाळू लोक तेच म्हणतात.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "मी बागवाल्याची बायको. पण मी त्या खोलीत होते. पायथ्याशी. त्याच भाकरीतला तुकडा मीही खाल्ला, करपट होता. तेव्हा तिचं झालं नसेल, तर माझंही झालं नाही. जे तिचं, ते माझं. मी लवकरच जातेय तिकडे. ती एकटी बाहेर उभी नसेल, शशी. मी असेन शेजारी. एवढं तर मी तुला नक्की सांगू शकते."

शशिकांतनं चष्मा काढला. पुसायला रुमाल हवा होता. समोरचा एकच रुमाल डबीत होता. त्यानं शर्टाच्या बाहीनं काच पुसली आणि ती आणखी धुरकट झाली.

"दे आता तुझं पार्सल," इंगा म्हणाली. "माझ्यासाठी नको होतं मला. तू रिकाम्या हातानं परत जाऊ नयेस म्हणून घेते."

त्यानं पापडी दोन बोटांत उचलली. एवढी हलकी गोष्ट त्यानं मेजापाशी कधी उचलली नव्हती. तिच्या ओठांपाशी नेली. तोंड कोरडं पडलेलं होतं तिचं. दातांनी तिनं अर्धी तोडली, जिभेवर धरली आणि बाकीची घ्यायला ओठ उघडेनात. तिनं मान हलवली. त्यानं पाण्यात बुडवलेला स्पंज तिच्या ओठांना लावला. ती गिळायला लागली, थांबली, पुन्हा गिळायला लागली. शेवटी गिळलं.

उरलेली अर्धी पापडी त्याच्या बोटांत होती. तिनं पांघरुणातून हात बाहेर काढला, निळ्या शिरांचा, सलाईनच्या पट्ट्यांचा. त्याच्या बोटांतून तो तुकडा काढून घेतला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा आला. आणि तिनं तो हात वर उचलला, त्याच्या तोंडाच्या दिशेनं, पण तिथवर पोहोचेना.

शशिकांत खुर्चीवरून पुढे झुकला. आणखी झुकला. तोंड उघडलं.

पापडीला चव कसली नव्हती. टाळूला चिकटली आणि सावकाश विरघळत गेली.  इंगाचा हात खाली आला तो त्याच्या गुडघ्यावर, आणि तिथेच राहिला.

दार ढकलून ड्युटीवरची मुलगी ट्रे न्यायला आली. टोस्ट तसाच बघून तिनं ओठ मुडपले आणि खिशातून तक्ता काढला. या वयाच्या माणसांनी दर जेवणाला किती खाल्लं, ते त्यात मांडायचं असतं.

"काहीच नाही का खाल्लं आज यांनी?"

"खाल्लं," शशिकांत म्हणाला. "आम्ही दोघांनी."

"किती?"

त्यानं अंगठा आणि तर्जनी जवळ आणून दाखवलं. मुलीनं पेन धरून वाट पाहिली, त्याची बोटं स्थिर होण्याची.